मागच्या चाकापासून

पहाटे ५:३०

लातूर फाट्यावरून पहिला ट्रक गिअर बदलत गेला की मला जाग येते. घर आणि गॅरेज यांच्यात एकच पत्र्याची भिंत. तिच्या पलीकडे गुरुजींची जीप चार लाकडी ठोकळ्यांवर उभी आहे. बॉनेट काढून ठेवलंय, आत इंजिन नाही. समोरून बघितलं की कवळी काढून बसलेल्या म्हाताऱ्यासारखी दिसते.

१९६७ची महिंद्राची सीजे-३बी. उंच बॉनेटची. चेसिस खरवडून रंगवून झालीय, पाटे नवे घातलेत, ब्रेकचे पाइप ओढून झालेत. दीड महिना काम अडलंय ते एका प्रश्नावर: इंजिन कोणतं? गुरुजींना पेट्रोलच पाहिजे. लहानपणी वडिलांची जीप शेताच्या बांधावर यायची, तिचा आवाज त्यांच्या कानात बसलाय. लातूरला एकाकडे जुनं पेट्रोल इंजिन असल्याचा निरोप त्यांना लागलाय. आज ते बघायला जायचं.

सकाळी ६:३०

निघायच्या आधी एक काम. पोऱ्याला म्हटलं, मागच्या टायरला सुतळी गुंडाळ आणि मोज.

"मामा, इंजिन बघायला जायलाव आणि टायर कशाला मोजायलाव?"

"मोज आधी."

सव्वादोन मीटर भरलं. ६.००-१६चा टायर, एवढंच यायला पाहिजे. मग मागच्या ॲक्सलचं झाकण उघडून दात मोजून घेतले: क्राउनला ४३, पिनियनला ८. भागले की ५.३७ आणि काहीतरी. कंपनी त्याला ५.३८ म्हणते. म्हणजे टॉप गिअरला इंजिन सव्वापाच फेऱ्यांहून जास्त फिरेल तेव्हा चाक एकदा फिरणार. दोन्ही आकडे सिगारेटच्या पाकिटाच्या पुठ्ठ्यावर लिहून खिशात टाकले.

माझे उस्ताद सरदारजी होते. गुरुद्वाऱ्याकडच्या गल्लीत त्यांचं दुकान. मी पंधरा वर्षांचा असताना पाने धुवायला लागलो त्यांच्याकडे. त्यांचं एक सांगणं होतं, इंजिन मागून पुढे निवडायचं. आधी गाडी काय काम करणार ते विचार, मग टायर, मग ॲक्सल, मग गिअरबॉक्स, आणि सगळ्यात शेवटी इंजिन. लोक उलटं करतात. पुण्यातलं पोरगं येतं, मोबाइलवर १२० घोड्यांचं इंजिन दाखवतं, म्हणतं हे बसवा. बसवायला काय, वेल्डिंग मशीन आणि हातोडा असला की काहीही बसतं. पुढे ते प्रोपेलरचा क्रॉस दर महिन्याला खातं, त्याचं काय?

सकाळी ७:१५

भाच्याचा छोटा हत्ती घेतला. मागे चेन कप्पी, दोर, बोअर गेज, रॉकेलची बाटली, खडू. सोनखेड गेलं, लोहा आलं. गावाच्या नावातच लोखंड, आणि मला अख्ख्या आयुष्यात या गावात एक धड स्पेअर पार्ट मिळालेला नाही. चहा मात्र चांगला मिळतो. माळाकोळीच्या पुढे दोन्ही बाजूंनी सोयाबीन पिवळं पडायला लागलेलं. रस्ता आता रुंद झालाय. पूर्वी या वाटेवर इंजिनाची परीक्षा व्हायची.

अहमदपूरला गुरुजी फाट्यावर उभेच होते. पांढरा सदरा, काखेत प्लास्टिकची पिशवी. पिशवीत जीपचं आरसी बुक, तुरीच्या बियाण्याच्या पाकिटात गुंडाळलेलं.

"मिस्त्री, झोप नाही बघा आली रात्री."

"इंजिन अजून बघितलं नाही गुरुजी. झोप उडवायला वेळ आहे."

गाडीत त्यांना त्या इंजिनाविषयी सांगत गेलो. दुसऱ्या महायुद्धातल्या जीपला विलिस कंपनीचं जे इंजिन होतं, ते २१९९ सीसीचं, ६० घोड्यांचं. बार्नी रूस नावाच्या इंजिनिअरनं ते घासूनपुसून एवढं मजबूत केलं होतं. त्याचे दोन्ही व्हॉल्व्ह ब्लॉकमध्येच, बाजूला. पुढे कंपनीनं तळ तोच ठेवला आणि इनटेक व्हॉल्व्ह वर हेडमध्ये नेला. घोडे झाले ७२च्या आसपास, पण इंजिन उंच झालं, जुन्या बॉनेटखाली मावेना. मग बॉनेटच उंच केलं. सीजे-३बीचं ते कपाळ मोठं असलेलं तोंड आलं ते असं. इंजिनासाठी तोंड बदललं, आणि अमेरिकेत ती गाडी बंद झाल्यावरही आपल्याकडे महिंद्रानं तेच तोंड कितीतरी वर्षं चालवलं. निवडणुकीत भोंगे बांधलेल्या, पोलीस पाटलाच्या दारात थांबलेल्या, तहसीलच्या आवारात गंजलेल्या ज्या जीपा आपण बघितल्या, त्यातल्या कितीतरी याच तोंडाच्या.

"म्हणजे पेट्रोलच खरं तिचं," गुरुजी म्हणाले.

"खरं तेच. पण गुरुजी, तुमचा ऊस कुठं जातो?"

"कारखान्याला."

"त्याचं इथेनॉल होतं, ते पेट्रोलमध्ये वीस टक्के येतं. या इंजिनाच्या पंपाचा पडदा आणि पाइप जुन्या रबराचे. ते इथेनॉलनं फुगतात, मऊ पडतात. तुमचाच ऊस तुमची जीप खाणार."

ते हसले, पण थोडं उशिरा. खरं म्हणजे हे काही मोठं अडणं नव्हे. नव्या प्रतीचं रबर मिळतं, ते घातलं की भागतं. पण माणूस आवाजाच्या प्रेमात असला की त्याला आधी खर्चाच्या बारक्या गोष्टी सांगाव्यात, मोठ्या आपोआप कळतात.

सकाळी १०:४५

लातूर. एमआयडीसीकडचं एक मशीन शॉप. चालवणारे चाचा सत्तरीचे; बोअरिंग मशीनवर उभे राहून त्यांचा डावा खांदा खाली आलाय. इंजिन कोपऱ्यात गोणपाटाखाली. गोणपाट काढलं आणि गुरुजी दोन पावलं मागे सरकले, देवाची मूर्ती उघडल्यावर सरकतात तसे.

दिसायला ऐवज होता. कार्बोरेटर नव्हता, डेल्को नव्हता, पण ब्लॉक, हेड, क्रँक जागेवर. आम्ही हेड उचललं. बोअर गेज लावला. मूळ बोअर सव्वातीन इंचाला आठवा भाग कमी, म्हणजे ३.१२५. इथे पहिल्याच सिलिंडरला ३.१८७ आलं. म्हणजे साठ थाऊ आधीच कापलेत, वरून झिजलंय वेगळं. साठच्या पुढचा पिस्टन शोधण्यात अर्थ नाही. तरी हे मरण नव्हे. ड्राय लायनर ठोकून परत मूळ मापावर आणता येतं, चाचांनी असे कित्येक केलेत.

मला भीती होती ती दुसऱ्या जागेची. या इंजिनात एक्झॉस्ट व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये बसतो, सिलिंडरच्या अगदी शेजारी. मध्ये लोखंडाचा पातळ पट्टा. एका बाजूला जळता धूर, दुसऱ्या बाजूला पाणी. रेडिएटर कोरडा ठेवून चार वेळा गाडी तापवली की हा पट्टा तडकतो. डोळ्यांना दिसत नाही. म्हणून रॉकेल. सीटभोवती रॉकेल लावलं, दहा मिनिटं मुरू दिलं, चिंधीनं कोरडं पुसलं आणि वरून खडूची भुकटी फासली. मग बसलो.

चाचांनी चहा मागवला. चहा यायच्या आत तिसऱ्या सिलिंडरच्या सीटपासून बोअरपर्यंत एक ओली रेघ पांढऱ्यावर उमटली. केसासारखी. आत मुरलेलं रॉकेल बाहेर यायला लागलं होतं. दुसऱ्या सिलिंडरलाही तसंच, थोडी लहान.

"टाके मारता येते," चाचा म्हणाले. "पर मेरे कू पूछो तो मत लो."

चाचांना यात पैसे मिळाले असते. बोअरिंग, लायनर, टाके, सगळं त्यांच्याकडेच झालं असतं. तरी नको म्हणाले. गुरुजी त्या रेघेकडे बघत राहिले. मग खिशातून रुमाल काढून त्यांनी हात पुसले. हात लावला नव्हता त्यांनी कशालाच.

दुपारी १२:१५

आता लातूरला आलोच आहोत तर भंगारच्या बाजारात एक चक्कर मारू, असं मीच म्हटलं. तिथे तीन इंजिनं निघाली.

पहिलं २५२३ सीसीचं डीआय. काळी-पिवळीतलं. मराठवाड्यात ज्यांनी काळी-पिवळीनं प्रवास केलाय त्यांना हे इंजिन कानानं नाही, बुडानं ठाऊक आहे. आत बारा, मागे लटकलेले चार, टपावर दोन आणि एक बोकड, अशा हिशोबानं अहमदपूर ते उदगीर ते ओढायचं. दुकानवाल्यानं जमिनीवर टायर टाकून त्यावर ते ठेवलं होतं. बॅटरी लावली, सुरू केलं. पहिल्या झटक्याला लागलं. मग टायरवर नाचायला लागलं. शेजारचा पत्रा, पत्र्यावरची पक्कड, सगळं नाचत होतं.

"बघा, कसं वाजतंय! ट्रॅक्टरचं काळीज हाय. पन्नास हजार."

दुसरं इसुझूचं पेट्रोल, १८१७ सीसी, जुन्या कॉन्टेसात असायचं ते. गुळगुळीत, हलकं, आणि जीपच्या गिअरबॉक्सला बसवायचं तर मध्ये अडॅप्टर प्लेट कातून घ्यावी लागणार. वर तिचा मध्य केसभर चुकला की क्लच कायमचा रडणार. तिसरं प्यूजोचं डिझेल, एक्सडीपी ४.९०, पण ब्लॉकला बाहेरून कनेक्टिंग रॉड आलेला. त्या भोकातून मूठ जात होती.

मी खिशातला पुठ्ठा काढला. दुकानाच्या पत्र्यावर खडूनं मांडलं. गुरुजी गणिताचे शिक्षक होते, त्यांनीच खडू हातात घेतला आणि पुढचं केलं. डीआय इंजिनाची धाव ३२०० फेऱ्यांपर्यंत. भागिले ५.३८, गुणिले सव्वादोन मीटर, गुणिले ६०. ताशी ८०. म्हणजे इंजिन पार ताणलं की ८०; आरामात चालवायचं तर ६०च्या आतबाहेर. जुन्या पेट्रोलची धाव ४०००. त्याचं उत्तर आलं ताशी १००.

"आणि हे?" त्यांनी भोक पडलेल्या प्यूजोकडे बोट केलं.

"४५००."

"११३." त्यांनी खडू खाली ठेवला. "म्हणजे मागचा ॲक्सल बनवला होता ४००० फेऱ्या मारणाऱ्या इंजिनासाठी. त्याला ३२०० वालं दिलं की गाडी रांगणार. ४५०० वालं दिलं की जमतंय."

एवढंच सांगायला मला तास लागला असता. ॲक्सलचे दात बदलून डीआयला बसवता येतं, पण मग ॲक्सल उघडा, दात शोधा, पुढचा आणि मागचा दोन्ही, नाहीतर फोर व्हील घातल्यावर दोन चाकं दोन वेगांनी भांडतील. शिवाय ते वजन आणि ती थरथर. साठ वर्षांच्या चेसिसला रोज तेवढं हलवलं की रिव्हेट ढिले होणार, फाउंडेशनचे ब्रॅकेट तडकणार. प्यूजोचं २११२ सीसीचं, ६२ घोड्यांचं. त्याचं डिझेल थेट पिस्टनवर जळत नाही, हेडमधल्या छोट्या कप्प्यात आधी पेट घेतं. म्हणून डीआयपेक्षा मऊ चालतं, आणि म्हणूनच सकाळी ग्लो प्लग तापवल्याशिवाय लागत नाही. फ्रान्समध्ये हे कारसाठी बनलं होतं, ५०४ नावाच्या. महिंद्रानं परवाना घेऊन इगतपुरीला बनवायला सुरुवात केली आणि एमएम ५४० जीपमध्ये घातलं. कारचं इंजिन, म्हणून पळतं.

दुकानवाला वैतागला. "इंजिन घ्यायचंय का शाळा भरवायचीय?"

दुपारी २:००

गंजगोलाईजवळ जेवलो. भाकरी, शेंगदाण्याची चटणी, येसर घातलेली आमटी. गुरुजींनी अर्धी भाकरी ठेवली.

दुपारी २:४५

आरटीओत कागद विचारून घ्यायचे होते. गुरुजींना कुणीतरी सांगितलं होतं की जुन्या गाड्यांची वेगळी नोंद होते. होते. जुलै २०२१मध्ये केंद्रानं नियम केला. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली गाडी, मूळ रूपात, चेसिसला, सांगाड्याला, इंजिनाला मोठा बदल केलेला नाही अशी. नंबरात 'व्हीए' अक्षरं येतात, फी २० हजार, दहा वर्षांची मुदत. पण अशी गाडी रोजच्या वापराला चालवायची नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं, एवढ्यासाठीच.

"मग माळेगावच्या जत्रेला?" गुरुजी.

"जत्रा म्हणजे प्रदर्शन असं तुम्ही साहेबाला पटवा."

"आणि शेतात?"

मी काही बोललो नाही.

बाहेर झाडाखाली फॉर्म भरून देणारे एकजण बसतात. त्यांनी बुक मागितलं. तुरीच्या पाकिटातून ते निघालं, कडा उंदरानं खाल्लेल्या. त्यांनी पानं उलटली, एका पानावर थांबले, चष्मा कपाळावर नेला आणि पान डोळ्यांजवळ धरलं.

"गुरुजी, तुमची गाडी पेट्रोल नाहीच."

"काय?"

"हे बघा. १९८८. इंजिन बदलाची नोंद. इंधन डिझेल. २११२ सीसी. खाली इंजिन नंबर, सही, शिक्का."

वडिलांनी तेव्हा पेट्रोल परवडेना म्हणून डिझेल बसवलं, हे गुरुजींना माहीत होतं. कागदावरही बदललं, हे नव्हतं. १९८८चा मोटार वाहन कायदा लागू झाला १ जुलै १९८९ला. ही नोंद त्याच्या आधीची, जुन्या कायद्यातली. आता ५२ वं कलम आहे. बुकात आहे त्याहून गाडी परवानगीशिवाय वेगळी करायची नाही. म्हणजे ज्या इंजिनासाठी कंपनीनं हिचं बॉनेट उंच केलं, ते आज बसवलं तर तो बदल. आणि फ्रान्समधून आलेलं, इगतपुरीला बनलेलं, एका शेतकऱ्यानं डिझेल स्वस्त म्हणून घातलेलं, ते हिचं कायदेशीर इंजिन. व्हीए तर गेलंच. १९८८लाच गेलं, नियम व्हायच्या ३३ वर्षं आधी.

मला मात्र दुसराच आकडा दिसत होता. २११२.

"गुरुजी, हे इंजिन कुठं आहे?"

"कुठलं?"

"बुकातलं."

"ते होय. गोठ्यात आहे. कडब्याखाली. २००३ला बेअरिंग गेलं म्हणून काढलं होतं. भंगारवाला न्यायला आला, आईनं नेऊ दिलं नाही. तिनं त्याच्यावर पेंडीचं पोतं ठेवलं."

दीड महिना जीप माझ्या ठोकळ्यांवर उभी आहे. या दीड महिन्यात मी गुरुजींना पिस्टन, पैसे, पेट्रोल सगळं विचारलं, हे एक विचारलं नव्हतं. उस्ताद असते तर पाना फेकून मारला असता. किल्लारीच्या भूकंपानंतर, १९९३ला, आम्ही दोघं आठ दिवस मदतीच्या गाड्या चालत्या ठेवायला तिकडे होतो. तिसऱ्या दिवशीच त्यांनी एक नियम केला होता. गाडी बंद पडली की आधी हे विचारायचं, हिचं सामान सगळ्यात जवळ कुठं आहे? चांगलं सामान कुठं आहे, हे नंतर. जवळचं असेल तीच गाडी उभी राहायची.

संध्याकाळी ६:१०

चाकूर, शिरूर ताजबंद, अहमदपूर, मग आत कच्चा रस्ता. काळ्या मातीत छोटा हत्ती एकदा रुतला. गोठ्यात दोन म्हशी, एक कालवड आणि अंधार. गुरुजींच्या आई ओट्यावर बसल्या होत्या.

"आले का ते नेणारे?"

"न्यायला नाही आज्जी, बसवायला नेतोय."

त्यांनी हातातली माळ खाली ठेवली आणि पोराला कडबा बाजूला करायला सांगितलं.

पेंडीची दोन पोती, एक मोडकं वखर, त्याखाली ते. वर बोटभर धूळ आणि तेल मिळून डांबर झालेलं. क्रँकच्या पुलीला पाना लावून ओढलं. हलेना. अडकलंय. पण ब्लॉक पूर्ण आहे, बाहेरून भोक नाही, पाण्याच्या बाजूला गंजाच्या रेघा नाहीत. एका बाजूला कोंबडीनं अंडी घातली होती, ती आज्जींनी आधी उचलून घेतली.

बेअरिंग गेलेलं म्हणजे क्रँक ग्राइंड करावा लागेल. बोअर उघडल्यावर कळेल. पंप आणि इंजेक्टर टेस्टिंगला जाणार. खर्च होणार, भंगारातल्या चालू डीआयपेक्षा जास्तच होईल. हे सगळं मी गुरुजींना तिथेच, म्हशीच्या शेजारी उभं राहून सांगितलं.

ते म्हणाले, "आवाज कसा असेल हो याचा?"

"पेट्रोलसारखा नाही."

"मग बाबांच्या दुसऱ्या जीपसारखा."

आता नंबर. ब्लॉकच्या बाजूला कोरलेला असतो. डिझेलनं धुतला, तारेच्या ब्रशनं हलक्या हातानं. जोरात घासलं की आकडा जातो आणि मग आरटीओत शंभर प्रश्न. पहिले आकडे स्पष्ट निघाले, बुकाशी जुळत गेले. शेवटचा मात्र गंजानं खाल्लेला. तीन की आठ. बुकात तीन आहे.

गुरुजींनी मोबाइलचा उजेड धरला. मी वहीचं पातळ पान नंबरवर ताणून धरलं आणि शिसपेन्सिल आडवी करून हळूहळू फिरवली. चेसिसच्या नंबरचा ठसा घेतात तसा. काळ्यात पांढरे आकडे उठत गेले. शेवटच्या आकड्याची उजवी बाजू दोनदा वळली. डाव्या बाजूला खालच्या वळणापाशी एक ठिपका होता, गंजाचा की छिन्नीचा, कळेना. मी तिथेच दुसऱ्या पानावर परत घेतला. मग तिसऱ्यावर.

रात्री ९:५०

चेन कप्पीनं इंजिन उतरवलं. गॅरेजचा एकच दिवा चालू आहे. जीपच्या रिकाम्या तोंडासमोर ते ठेवलंय.

"मामा, हेच बसवायचं?"

"सकाळी इंजेक्टर काढ आणि भोकांतून डिझेल ओत. चार दिवस मुरू दे. क्रँकला हात लावू नको."

तिन्ही ठसे मी भिंतीवर चिकटवलेत. दुसऱ्यात तीन दिसतो. पहिल्यात आणि तिसऱ्यात, डोकं तिरपं केलं तर.